बंदिस्त गोदीत सांडलेले ८०० लिटर डिझेल आणि फोमची २० शीट: एक प्रकरण अभ्यास

सच्छिद्र पॉलिमर फोमबद्दल बोलताना सगळ्यात आधी एकच आकडा पुढे केला जातो: फोम स्वतःच्या वजनाच्या किती पट तेल पितो. तो आकडा खोटा नसतो, पण पाण्यावरचे तेल प्रत्यक्ष काढताना त्याचा उपयोग फार थोडा. तेलाचा थर किती जाड आहे, शीट पाण्यातून कशी उचलली आणि ती किती वेगाने पिळता आली, यांवर काम तडीस जाते किंवा फसते. हे दाखवण्यासाठी इथे एक नमुन्याचे प्रकरण घेतले आहे. त्यातले आकडे हिशेबासाठी गृहीत धरलेले आहेत, मात्र त्यांमागचे भौतिकशास्त्र कुठेही तेच राहते.

परिस्थिती

गोदी ६० मीटर लांब, ४० मीटर रुंद आणि तीन बाजूंनी भिंत. जहाजात इंधन भरताना नळीचा जोड निसटतो आणि पंप बंद होईपर्यंत ८०० लिटर डिझेल पाण्यावर येते. पाण्याला प्रवाह नाही. वारा सेकंदाला ५ मीटर, एका कोपऱ्याच्या दिशेने.

२,४०० चौरस मीटरवर ८०० लिटर सारखे पसरले तर थराची सरासरी जाडी होते ०.३३ मिमी. म्हणजे एक चौरस मीटर फोम टाकला, तर त्याच्या खाली एक लिटरचा तिसरा हिस्सा डिझेल असते. २५ मिमी जाडीच्या त्याच फोममध्ये जागा असते साधारण २४ लिटरची. फोम दीड टक्काही भरत नाही आणि उरलेला वेळ पाण्यावर नुसता तरंगतो. फोम कितीही उत्तम असला तरी या अवस्थेत त्याचा उपयोग नाही. आधी तेल गोळा करून त्याचा थर जाड करायचा, मग फोम टाकायचा. हा क्रम उलटला की माणसे दिवसभर राबतात आणि पिंपात जमते ते बहुतेक पाणी.

तेल गोळा करण्याच्या कामात वारा मदतीला येतो. पाण्यावरचा तवंग वाऱ्याच्या वेगाच्या सुमारे ३ टक्के वेगाने सरकतो. ५ मीटर वाऱ्याला तो सेकंदाला १५ सेंटीमीटर पडतो. गोदीची ६० मीटर लांबी तो सात मिनिटांच्या आत पार करतो. म्हणून पहिला बूम (तेल अडवणारा तरंगता अडसर, ज्याच्याखाली पाण्यात पडदा लोंबतो) गळतीच्या जागी लावण्याची घाई करू नये, तो वाऱ्याखालच्या कोपऱ्याकडे न्यावा. तवंग कोपऱ्यात शिरला की मागून बूम ओढून तोंड बंद करायचे. या प्रकरणात ६० चौरस मीटरच्या कोपऱ्यात ७०० लिटर अडकले असे धरू. बाकीचे शंभरेक लिटर हवेत उडाले, भिंतीला आणि फेंडरला चिकटले किंवा पातळ तवंग होऊन बाहेर राहिले. कोपऱ्यातला थर आता सुमारे १२ मिमी जाड आहे. फोमची पाळी आता येते.

बूमची एक मर्यादा ध्यानात ठेवावी. बूमवर काटकोनात येणाऱ्या पाण्याचा वेग ०.७ नॉटच्या, म्हणजे सेकंदाला सुमारे ३५ सेंटीमीटरच्या वर गेला की तेल पडद्याखालून निसटू लागते. गोदीत प्रवाह नसला तरी जवळच्या जहाजाने पंखा फिरवला तर हा वेग सहज ओलांडला जातो. काम चालू असेपर्यंत आसपासचे सगळे पंखे बंद ठेवायला सांगणे ही पहिल्या दहा मिनिटांतली गोष्ट आहे. त्याच दहा मिनिटांत ज्वलनशील बाष्प मोजायचे. डिझेलचा प्रज्वलनांक, म्हणजे ज्या तापमानाला त्याचे बाष्प पेट घेऊ शकते तो अंश, पेट्रोलच्या मानाने बराच वर असतो, म्हणून फोमचे काम हाताने करता येते. सांडलेले पेट्रोल असेल तर फोम पसरायला आणि पिळायला जाऊच नये. बाष्प विरेपर्यंत माणसे आणि ठिणगी दोन्ही दूर ठेवणे एवढेच तिथे शहाणपणाचे.

फोमची निवड

घेतलेला फोम आहे उघड्या छिद्रांचा मऊ पॉलियुरेथेन, पॉलिइथर जातीचा, घनता घनमीटरला २० किलो. पॉलिएस्टर जातीचा पॉलियुरेथेन दिसायला तसाच असतो, पण ओलाव्याने त्याचे रेणू तुटतात आणि काही काळात तो हातात भुगा होतो. पाण्याच्या कामाला तो घेऊ नये. छिद्रांमधले पातळ पडदे काढून टाकलेला, म्हणजे जाळीदार केलेला फोम मिळाला तर उत्तम. तोंड लावून फुंकर मारली की आरपार हवा जायला हवी. अडखळत असेल तर तेलही अडखळेल. पॅकिंगमध्ये वापरतात तो बंद छिद्रांचा पॉलिथिलीन फोम फक्त पृष्ठभागावर तेल घेतो. तो या कामाचा नाही.

आता त्या गाजणाऱ्या आकड्याकडे. भरीव पॉलियुरेथेनची घनता घनमीटरला सुमारे १,१५० किलो. म्हणजे २० किलोच्या फोममध्ये ९८ टक्के पोकळी असते. ती सगळी डिझेलने भरली तर एका घनमीटरमध्ये सुमारे ८२५ किलो डिझेल मावते, फोमच्या वजनाच्या ४१ पट. फोम तेलात थोडा फुगला तर आकडा थोडा वाढतो, इतकेच. अमेरिकेच्या आर्गॉन राष्ट्रीय प्रयोगशाळेने २०१७ मध्ये जाहीर केलेल्या ओलिओ स्पंज या तेल टिपणाऱ्या फोमबद्दल ९० पटींपर्यंतचा आकडा दिला गेला होता. इतके व्हायचे तर फोमची घनता घनमीटरला साधारण १० किलोच्या आसपास लागते. फोम जितका हलका, तितके ‘पट’ मोठे दिसतात, पण एका घनमीटरमध्ये मावणाऱ्या तेलात जवळजवळ काहीच फरक पडत नाही. मेलामाइन फोमची गोष्ट हीच. त्याचे आकडे डोळे दिपवतात, मात्र दोन-चार वेळा पिळला की त्याचे तुकडे पडू लागतात. काम करणाऱ्याने वजनाच्या पटीत न मोजता एका शीटमागे किती लिटर, हे मोजावे.

ओलिओ स्पंजची खरी करामत पट वाढवण्यात नव्हती. त्यात फोमच्या आत धातूच्या ऑक्साइडचा अतिपातळ थर वाढवला जातो आणि त्या थराला तेलाशी जवळीक असणारे सिलेन रेणू पक्के जोडले जातात. त्यामुळे लेप पिळून निघून जात नाही. न्यू जर्सीतल्या ओम्सेट या खाऱ्या पाण्याच्या प्रचंड टाकीत, जी २०३ मीटर लांब आहे, या फोमने डिझेल आणि कच्चे तेल पृष्ठभागावरून आणि पाण्याखालूनही टिपून दाखवले.

तसली यंत्रसामग्री नसेल तर पीडीएमएस या सिलिकोनचा लेप देता येतो. फोम आधी धुऊन पूर्ण वाळवायचा. कारखान्यातून येताना त्यात राहिलेली द्रव्ये पाणी ओढून घेतात. हेप्टेन या ज्वलनशील द्रावकामध्ये ३ टक्के पीडीएमएस आणि त्याचा घट्ट करणारा भाग, १० ला १ या प्रमाणात, विरघळवून त्यात शीट बुडवायची आणि वजनाच्या साधारण दुप्पट द्रावण आत राहील इतकीच पिळायची. २५० ग्रॅमच्या शीटमध्ये ५०० ग्रॅम द्रावण, म्हणजे १५ ग्रॅम लेप, सुमारे ६ टक्के. शीट उभी टांगली तर द्रावण खाली ओघळते आणि खालच्या कडेची छिद्रे बुजतात. म्हणून ती जाळीवर आडवी ठेवावी आणि मधून मधून उलटावी. हेप्टेन उघड्यावर, वाऱ्यात, आगीपासून दूर पूर्ण उडू द्यायचे आणि मगच ८० अंश सेल्सियसला काही तास भाजायचे. ओल्या शीट भट्टीत घालणे म्हणजे स्फोटाला आमंत्रण.

लेप लागला की नाही हे वरून पाहून कळत नाही. एक शीट मधोमध कापावी आणि कापलेल्या पृष्ठावर पाण्याचे थेंब ठेवावेत. कडेला थेंब गोल राहिले आणि मध्ये हळूहळू जिरले, तर लेप फक्त सालीला लागला आहे. अशी शीट पहिल्या पिळणीनंतर मधून पाणी धरू लागते.

२५ मिमी जाडीच का

या प्रकरणातली शीट १ मीटर लांब, अर्धा मीटर रुंद, २५ मिमी जाड. छिद्रे सुमारे अर्ध्या मिमी व्यासाची, म्हणजे एका इंचात पन्नासेक. जाडीचा आकडा सोयीसाठी घेतलेला नाही.

फोम तेल धरतो तो केशाकर्षणाने, म्हणजे बारीक छिद्रे द्रव आपणहून ओढून धरतात त्या ओढीने. डिझेलचा पृष्ठताण मीटरला सुमारे ०.०२७ न्यूटन. पाव मिमी त्रिज्येच्या छिद्रात त्याने तयार होणारा दाब भरतो २१५ पास्कलच्या आसपास. एवढ्या दाबाने डिझेलचा २६ मिमी उंचीचा स्तंभ पेलतो, त्याहून जास्त नाही. १०० मिमी जाडीचा ठोकळा पाण्यावर ठेवला तर वरचा बराचसा भाग कोरडाच राहतो, आणि तो दाबून बुडवून भरला तरी उचलताना वरचे तेल निथळून परत पाण्यात जाते.

हाच नियम उचलण्याला लागू होतो आणि सगळ्यात जास्त नुकसान इथेच होते. भरलेली शीट एका कडेला धरून वर उचलली की ती अर्धा किंवा एक मीटर उंच उभी होते. फोम पेलू शकतो सव्वीस मिमी. पहिल्या दोन-तीन सेकंदांत खालच्या कडेवरून डिझेलची धार लागते, मग ठिबक, आणि शीट पिळणीपर्यंत पोहोचते तेव्हा तिच्यात बरेचसे तेल उरलेलेच नसते. उपाय साधा आहे. शीटखाली जाळीचा ताट सरकवायचा, दोघांनी दोन टोकांना धरून आडवाच वर घ्यायचा आणि लगेच खाली पसरट ट्रे धरायचा. आडव्या २५ मिमी शीटमधून फारसे काही गळत नाही.

पाण्याची बाजूही याच गणिताने कळते. पाण्याचा लेपाशी स्पर्शकोन (थेंबाची कड पृष्ठाशी करते तो कोन) १३० अंशांच्या आसपास धरला तर अशा छिद्रात पाणी शिरायला साधारण ३७० पास्कल दाब लागतो, म्हणजे ३७ मिमी खोली. शीट काठीने खाली दाबून बुडवली की पाणी आत शिरणारच. ती अलगद ठेवायची आणि हात काढायचा.

फेऱ्या

एका शीटचे आकारमान १२.५ लिटर, पोकळी सव्वाबारा. प्रत्यक्षात सत्तरेक टक्के भरते असे धरले तर साडेआठ लिटर. वजन सात-साडेसात किलो, दोघांना सहज पेलणारे. डिझेल इतके पातळ असते की २५ मिमी जाडी ते काही सेकंदांत भेदते. तरी दोन-तीन मिनिटे थांबावे, कारण आजूबाजूचे तेल शीटखाली वाहत यायला तेवढा वेळ लागतो.

२० कोरड्या शीट पहिल्या फेरीत १७० लिटर घेतात. पिळल्यावर प्रत्येकीत सुमारे दीड लिटर राहते, तेव्हा पुढच्या प्रत्येक फेरीत शीटमागे सात लिटर, एकूण १४०. कोपऱ्यात पहिल्या फेरीनंतर ५३० लिटर उरतात, दुसऱ्यानंतर ३९०, तिसऱ्यानंतर २५०. बूम जागेवरच राहिला तर थर आता चार मिमीवर आलेला असतो आणि शीट पाण्यावर टेकू लागतात. म्हणून प्रत्येक फेरीनंतर बूम आत ओढायचा. २५० लिटर २० चौरस मीटरमध्ये आणले की थर पुन्हा १२ मिमी होतो आणि चौथी फेरी दुसरी-तिसरीसारखीच भरून येते. पाचव्या फेरीत ९० लिटरच्या आसपास निघते. एकूण फोमने उचलले ६८०, त्यातले ६५० पिंपात, ३० शीटमध्येच, आणि पाण्यावर उरले वीसेक लिटर.

बूम आत ओढणे हे काम कंटाळवाणे असते आणि म्हणूनच ते टाळले जाते. पण या प्रकरणात चौथी आणि पाचवी फेरी सर्वस्वी त्याच्यावर उभी आहे.

पिळणी

शंभर वेळा शीट पिळायची आहे. उचलणे, रोलरमध्ये घालणे, परत पाठवणे यात शीटमागे दीड मिनिट धरले तर अडीच तास. शीट भरायला मिनिटे लागतात, पिळायला तास. काम लवकर संपवायचे असेल तर महागडा फोम आणून उपयोग नाही, दुसरी पिळणी आणावी.

पिळणी म्हणजे दोन रोलर, वरचा स्प्रिंगवर, मधली फट ४ मिमी. शीटमधला भरीव भाग दाबून अर्धा मिमी होतो. उरलेल्या साडेतीन मिमीमध्ये अर्ध्या चौरस मीटरला पावणेदोन लिटर मावतात. वर म्हटलेला दीड लिटर तिथूनच आला. फट २ मिमी केली तर पाऊण लिटरच उरेल, पण फोम लवकर चिरू लागतो आणि त्याचे कण पाण्यात जातात. तेल काढताना पाण्यात प्लॅस्टिकचा भुगा सोडणे हा सौदा कोणीही करू नये. शीट आधीच पॉलिप्रॉपिलीनच्या जाळीच्या खोळीत शिवून घेतली तर ताण जाळी घेते आणि फोम टिकतो. डिझेलमध्ये भिजलेला पॉलियुरेथेन कोरड्यापेक्षा कमकुवत असतो, तेव्हा दोरी कधीही थेट फोमला बांधू नये.

रोलरवरचे रबर नायट्राइल हवे. नैसर्गिक रबर डिझेलने फुगते, फट आपोआप बदलते आणि कारण लवकर सापडत नाही. रोलरखालचा ट्रे उताराचा असावा. रोलरच्या तोंडाशी तेल साचले तर बाहेर पडून फुगणारी शीट तेच तेल परत ओढून घेते. वेग जास्त झाला तर तेल शीटच्या पुढे उसळून बाहेर उडते. पिळणी, ट्रे आणि पिंप धातूच्या तारेने एकमेकांना व जमिनीला जोडलेले हवेत, कारण फोममधून जोराने जाणारे डिझेल स्थिर वीज साठवते. रोलरच्या तोंडाशी बोटांसाठी आडकाठी आणि हाताशी उलटा फिरवायची कळ हवीच.

पिळलेले द्रव २०० लिटरच्या पिंपांत, तळाला नळ असलेल्या, तासभर स्थिर ठेवायचे. पहिल्या तीन फेऱ्यांत खाली पाणी थोडेच जमते. शेवटच्या फेरीत ते झपाट्याने वाढते. प्रत्येक फेरीचा नमुना काचेच्या उभ्या नळीत घेऊन पाण्याचा हिस्सा लिहून ठेवावा. तो अचानक वाढला तर कारणे तीनच: थर पातळ झाला, लेप गेला किंवा कोणीतरी साबण टाकला. तळाचे पाणी स्वच्छ नसते. जहाजांनी समुद्रात सोडायच्या पाण्यात तेलाची मर्यादा दशलक्षात १५ भाग आहे. पिंपातले पाणी ती गाठत नाही, ते तेल-पाणी विभाजकातून गेलेच पाहिजे. मिळालेले डिझेल इंजिनात घालू नये. त्यात मीठ, पाणी आणि फोमचे कण असतात.

साबण

याला वेगळा मथळा देण्याचे कारण आहे. तवंग दिसला की कुणीतरी भांडी घासायचे द्रावण ओततो, तवंग क्षणात नाहीसा होतो आणि बघणाऱ्यांना समाधान वाटते. तेल गेलेले नसते, बारीक थेंब होऊन पाण्यात उतरलेले असते. आता ते बूमला अडत नाही. शिवाय साबणाने पाण्याचा पृष्ठताण घसरतो, ३७ मिमीवर अडणारे पाणी थोड्याशा खोलीवरच फोममध्ये शिरते आणि त्या शीट धुऊन वाळवल्याशिवाय पुन्हा तेल धरत नाहीत. फोम आणि विखुरक रसायन (तेलाचे असेच बारीक थेंब करणारे) एकाच पाण्यावर एकाच वेळी वापरता येत नाही. कोणते वापरायचे हे पहिल्या पंधरा मिनिटांत ठरवून सगळ्यांना सांगावे.

हेच जड इंधन तेल असते तर

छिद्रात तेल शिरायला लागणारा वेळ घट्टपणाच्या प्रमाणात वाढतो. डिझेलपेक्षा हजारपट घट्ट तेलाला त्याच २५ मिमीसाठी सेकंदाऐवजी दहा-पंधरा मिनिटे लागतात, तीही पाणी गार नसेल तर. पाणी घुसळून घट्ट झालेले मिश्रण, ज्यात निम्म्याहून जास्त पाणी असते, फोमच्या बाहेरच लेपासारखे बसते. तिथे मोठ्या छिद्रांचा फोम थोडा बरा, पण खरे काम यांत्रिक स्किमरचे, म्हणजे पाण्यावरून तेल खरवडून घेणाऱ्या यंत्राचे, किंवा फावड्याचे. खुल्या समुद्रात तर स्किमरही कमी पडतात. मेक्सिकोच्या आखातातल्या २०१० च्या डीपवॉटर होरायझन दुर्घटनेत सुमारे ४९ लाख बॅरल तेल विहिरीतून बाहेर पडले. त्यातले स्किमरने उचलले गेले ते सुमारे ३ टक्के. फोमची जागा अडवलेल्या, शांत पाण्यावर आणि हलक्या तेलावर आहे. तिथे तो अतिशय चांगला चालतो.

कधी थांबायचे

पाचव्या फेरीनंतर उरलेले वीसेक लिटर बूममध्ये शोषक नळ्या सोडून टिपायचे आणि त्या दिवसातून दोनदा उलटायच्या. मग रंग बघायचा. युरोपातल्या बॉन कराराच्या संकेतानुसार इंद्रधनुषी तवंग ०.३ ते ५ मायक्रोमीटर जाड असतो. सगळी गोदी इंद्रधनुषी दिसली तरी तिथे जास्तीत जास्त १२ लिटर आहे, कमीत कमी पाऊण लिटरही नाही. हा तवंग शीटने उचलता येत नाही, ऊन-वाऱ्याने तो विरतो. धातूसारखी चमक मात्र ५० मायक्रोमीटरपर्यंत जाते, म्हणजे गोदीभर असेल तर १२० लिटर. तिथे बूम पुन्हा ओढायला हवा.

शेवटी कचरा. हेच ७०० लिटर, म्हणजे ५९० किलो डिझेल, एकदाच वापरायच्या पॉलिप्रॉपिलीन पॅडने, वजनाच्या दहा पट धरून, टिपले असते तर सुमारे ६५० किलो तेलकट पॅड जाळायला पाठवावे लागले असते. इथे टाकाऊ होतात फार तर फोमचे ५ किलो आणि त्यात अडकलेले २५ किलो डिझेल, वर जाळ्या आणि हातमोजे. पॉलियुरेथेन जळताना हायड्रोजन सायनाइड निघतो, तेव्हा फाटलेल्या शीट घातक कचऱ्याच्या भट्टीतच जातात. धड राहिलेल्या शीट कोमट पाण्यात थोड्या डिटर्जंटने धुवायच्या, साबणाचा अंश जाईपर्यंत स्वच्छ पाण्याने तीन-चार वेळा खळखळून घ्यायच्या, सावलीत वाळवायच्या कारण उन्हाने पॉलियुरेथेन पिवळा पडून ठिसूळ होतो, आणि थेंबाची चाचणी घेऊन बंद पिशवीत कोरड्या ठेवायच्या.